भुलेआधीचं पाणी, भुलेनंतरची लघवी

बोका सकाळपासून रेतीच्या ट्रेमध्ये जातो, पाठ वाकवून बसतो, कण्हतो आणि काहीच न होता बाहेर येतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. घरात पहिला तर्क निघतो तो बद्धकोष्ठाचा. कुणी एरंडेल पाजतं, कुणी दुधात तूप घालून देतं, कुणी पोट दाबून बघतं. संध्याकाळी बोका पलंगाखाली जाऊन पडून राहतो आणि घरच्यांना वाटतं, चला, झाला एकदाचा शांत. त्याची शी अडकलेली नसते, लघवी तुंबलेली असते. तो शांत झालेला असतो कारण रक्तात चढत चाललेलं पोटॅशियम त्याच्या हृदयापर्यंत पोचलेलं असतं.

नर मांजराचा मूत्रमार्ग शिश्नाच्या टोकाशी एक मिलिमीटरहूनही अरुंद होतो. मादीचा आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे हे दुखणं जवळजवळ सगळं बोक्यांच्याच वाट्याला येतं. आत अडकलेला मोठा खडा दर वेळी सापडेलच असं नाही. बरेचदा असतो तो बारीक स्फटिक आणि चिकट प्रथिनं यांचा मऊ बोळा, ट्यूबमधून पिळलेल्या टूथपेस्टसारखा. कधी तोही नसतो, नुसती सूज असते आणि मूत्रमार्गाच्या स्नायूंनी धरलेली उबळ. परिणाम मात्र एकच. मूत्राशय दगडासारखं टणक होतं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, गाळण थांबते, आणि एरवी लघवीवाटे जाणारं युरिया, आम्ल आणि पोटॅशियम रक्तात साठत जातं. एक-दोन दिवसांत बोका मरणाच्या दारात येतो. त्यामुळे पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी कधीही करू नये. ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं.

अशा बोक्याला मोकळं करायचं तर मूत्रमार्गात नळी घालावी लागते, आणि जागेपणी ती घालता येत नाही. म्हणजे ज्या प्राण्याची मूत्रपिंडं त्या घडीला बंद पडली आहेत, त्यालाच भूल द्यायची. किडनीच्या रुग्णांना भूल देताना जे जे अवघड असतं ते सगळं या एका बोक्यात एकत्र येतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

अनुभवी डॉक्टर त्याला टेबलावर घेतात तेव्हा इंजेक्शन भरायच्या आधी छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि अंगाचं तापमान बघतात. दवाखान्यात आणलेल्या घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला १८० ते २२० असायला हवेत. हा बोका १०० वर असतो आणि अंग गार लागतं. मंद ठोके आणि थंड अंग या दोन खुणा एकत्र दिसल्या की रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच समजून चालावं, पोटॅशियम फार वर गेलं आहे. एरवी ते लिटरला साडेतीन ते साडेपाच मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास राहतं, अशा बोक्यात आठच्याही पलीकडे जातं. ईसीजीवर टी लाट उंच आणि टोकदार होते, पी लाट चपटी होत होत नाहीशी होते, आणि पुढे सगळी रेघच रुंद, लवलवती दिसू लागते. त्यानंतर हृदय केव्हाही थांबू शकतं.

या क्षणी घाई करून भूल देण्याचा मोह फार मोठा असतो. बोका वेदनेनं ओरडतोय, घरचे रडताहेत, नळी घातली की सुटका होणार आहे. आणि आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत हाताशी असते ती झायलाझिन आणि केटामिनची जोडी. निरोगी प्राण्यांच्या नसबंदीत या जोडीनं मोठं काम केलं आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण इथे ती नको. झायलाझिन आधीच मंद झालेल्या हृदयाला आणखी मंद करतं आणि वर लघवी जास्त तयार करतं. तुंबलेल्या मूत्राशयाला याहून वाईट भेट नसेल. केटामिन आणि मांजराच्या शरीरात त्यापासून तयार होणारं द्रव्य बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. ती वाट बंद असताना नेहमीचा डोस दिला, तर बोका किती वेळाने उठेल याचा अंदाज बांधता येत नाही.

म्हणून आधी हृदय सांभाळायचं, मग मूत्रमार्ग. शिरेत सुई जाते. कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी सावकाश, पाच-दहा मिनिटं घेऊन, ईसीजीवर नजर ठेवून दिलं जातं. गंमत अशी की कॅल्शियम पोटॅशियमला जराही कमी करत नाही. ते फक्त हृदयाच्या पेशींना त्याच्या माऱ्यापुढे तग धरायला लावतं, तेही वीस-तीस मिनिटांपुरतं. तेवढ्या वेळात ग्लुकोज, गरज पडली तर त्याच्या जोडीला इन्सुलिन देऊन पोटॅशियम रक्तातून पेशींच्या आत ढकललं जातं. सलाईन चालू होतं. रिंगर लॅक्टेटमध्ये थोडं पोटॅशियम असतं म्हणून अशा बोक्याला ते देऊ नये, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. पण ते असतं लिटरला फक्त चार, म्हणजे बोक्याच्या रक्तातल्यापेक्षा निम्मं. शिवाय रिंगर रक्तातलं आम्ल लवकर आटोक्यात आणतं. प्रत्यक्ष तुलना करून पाहिली तेव्हा त्यानं नुकसान होत नसल्याचंच दिसलं. मूत्राशय फारच ताणलेलं असेल तर पोटातून बारीक सुई घालून थोडी लघवी काढून घेतात आणि थोडा वेळ मिळवतात. बोका गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये किंवा गरम हवेच्या पांघरुणाखाली ठेवला जातो. या सगळ्यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो वाया जात नाही.

त्यानंतरची भूल हलकी असते. ब्युटॉरफॅनॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखं वेदनाशामक, जोडीला मिडाझोलॅम, आणि लागलंच तर प्रोपोफॉल, थेंबाथेंबानं, परिणाम बघत बघत. फार गळून गेलेल्या बोक्याला पहिल्या दोन औषधांवरच भागतं. अलीकडे यात एक सुंदर युक्ती जोडली गेली आहे. डॉक्टर शेपूट वरखाली हलवतात आणि तिच्या मुळाशी बोटानं चाचपत दोन मणक्यांमधली हलणारी पहिली फट शोधतात. तिथे बारीक सुईनं थोडंसं लिग्नोकेन सोडलं की काही मिनिटांत शेपूट लुळी पडते आणि मूत्रमार्गाच्या टोकाकडचा भाग बधिर होतो, सैलावतो. मग शिश्न मागे, पाठीच्या कण्याच्या रेषेत ओढून धरलं जातं, म्हणजे मूत्रमार्गातलं वळण सरळ होतं, आणि सलाईनचा फवारा मारत नळी आत सरकते. बोळा मागे मूत्राशयात ढकलला जातो आणि नळीच्या तोंडातून लालसर, गढूळ लघवी येते. मूत्रमार्ग ढिला पडलेला असला तर नळीला जोर लावावा लागत नाही. जोर लावून घातलेली नळी मूत्रमार्ग फाडते आणि तो वण पुढे आयुष्यभर अडवत राहतो. बोक्याच्या बाबतीत चांगली भूल म्हणजेच निम्मी शस्त्रक्रिया, असं मला वाटतं ते यासाठी.

मोकळा झालेला बोका सुटला असं समजू नये. दाब उतरला की मूत्रपिंडं कधीकधी लघवीचा पूर सोडतात. पुढचा दिवस-दोन दिवस नळी पिशवीला जोडलेली ठेवतात, किती लघवी आली ते मोजतात आणि तेवढं पाणी शिरेतून परत भरतात. हे मोजमाप न करता एका ठरावीक वेगानं सलाईन लावून ठेवलं, तर सुटलेला बोका पाण्यावाचून खंगतो.

आता मूत्रपिंडाकडे वळू. मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे २ लाख गाळण्या असतात. कुत्र्याच्या ४ लाखांच्या घरात, माणसाच्या १० लाख. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर फेकतं त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा या दोन लहान अवयवांकडे जातो. एवढं रक्त त्यांना स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही, ते येतं गाळण्यासाठी. म्हणून रक्ताचा पुरवठा भरपूर असूनही मूत्रपिंडाचा आतला गाभा कायम ऑक्सिजनच्या तंगीत राबत असतो. बहुतेक रक्त बाहेरच्या सालीतच गाळलं जातं आणि गाभ्याकडे त्यातला लहानसा वाटा पोचतो. लघवी घट्ट करण्याचं कष्टाचं काम मात्र गाभ्याला करावं लागतं. पुरवठा जरा घटला की सगळ्यात आधी तोच मरतो.

जागेपणी शरीर हे सांभाळून घेतं. रक्तदाब थोडा खालीवर झाला तरी मूत्रपिंडात शिरणारी आणि बाहेर पडणारी बारीक धमनी आकुंचन-प्रसरण पावून आतला प्रवाह कायम राखते. भूल ही व्यवस्था ढिली करते. श्वासातून दिलं जाणारं आयसोफ्लुरेन जितकं जास्त, तितक्या रक्तवाहिन्या सैल, तितका दाब खाली, आणि तितकी मूत्रपिंडाची स्वतःला सावरण्याची ताकद कमी. सरासरी रक्तदाब ६० च्या खाली गेला की मूत्रपिंडाचं रक्त आटत जातं. मूत्रपिंडं आधीच आजारी असतील तर ७० च्या खाली जाऊच देऊ नये, आणि ज्या प्राण्याला आधीपासून बीपीचा त्रास आहे त्याच्यासाठी आणखी वरचं लक्ष्य ठेवावं, कारण त्याच्या मूत्रपिंडांना जास्त दाबाची सवय झालेली असते.

लोक विचारतात, ‘‘डॉक्टर, किडनीला चालेल अशी भूल आहे का?’’ प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यामागे एक खरा इतिहासही आहे. १९६० मध्ये मेथॉक्सिफ्लुरेन नावाचं भुलेचं औषध माणसांसाठी आणि पुढे प्राण्यांसाठीही वापरात आलं. वेदना छान दाबायचं, हृदयाला फार त्रास द्यायचं नाही. पण १९६६ मध्ये काही रुग्णांबद्दल विचित्र माहिती प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर ते बादलीभर पातळ लघवी करत होते आणि सुकत चालले होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिचर्ड मेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण दाखवून दिलं. हे औषध फुप्फुसांतून सगळंच्या सगळं परत बाहेर पडत नाही. जवळपास निम्मं किंवा त्याहूनही जास्त शरीरात मोडलं जातं आणि त्यातून सुटणारं फ्लोराइड मूत्रपिंडाला इजा करतं. जितकी लांब भूल, तितकी जास्त इजा. अमेरिकेत ते पुढे बाजारातून गेलं. ऑस्ट्रेलियात मात्र अगदी कमी मात्रेत, अपघातातल्या माणसाला वेदनेपुरतं हुंगवायला, ते अजूनही वापरतात. आज आपल्या दवाखान्यांत असणारं आयसोफ्लुरेन शरीरात मोडतं ते जेमतेम शेकडा ०.२. सेव्होफ्लुरेनबद्दल शंका घेतली गेली होती, कारण यंत्रातल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन तयार होणारं द्रव्य उंदरांच्या मूत्रपिंडांना बाधलं होतं. माणसांत आणि कुत्र्यांत इतक्या वर्षांच्या वापरात तसं नुकसान पुढे आलेलं नाही.

तेव्हा किडनीला घातक म्हणावी अशी भूल आज दवाखान्यांत जवळजवळ उरलेली नाही. घातक आहे तो भुलेखाली कुणाच्या लक्षात न आलेला, वीस-पंचवीस मिनिटं पडून राहिलेला रक्तदाब. औषधाचं नाव विचारण्यापेक्षा ‘‘भूल चालू असताना बीपी कोण बघणार, आणि कशानं?’’ हे विचारावं. मला या सगळ्या विषयात एवढंच एक वाक्य वाचकाच्या हाती द्यायचं असेल तर ते हे.

बीपी बघण्याचं साधन फार महागडं असायला हवं असं नाही. मांजराच्या पंजाच्या खालच्या बाजूचे थोडे केस भादरून, जेल लावून डॉप्लरची लहानशी तबकडी चिकटवतात. दर ठोक्याला ‘हूश्श, हूश्श’ असा आवाज खोलीभर ऐकू येतो. वर पट्टा बांधून फुगवला की आवाज थांबतो आणि हवा सोडताना जिथे पुन्हा सुरू होतो तो वरचा रक्तदाब. पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी लागते. लहान मुलाचा पट्टा मांजराला गुंडाळला तर मिळणारा आकडा खोटा. या पद्धतीत वरचा दाब ९० च्या खाली जाऊ लागला की हालचाल करायची. शिवाय डॉप्लरचा आवाज बारीक होत जाणं हीच एक सूचना असते. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना मान वळवावी लागत नाही, कानानं कळतं.

दाब उतरला तर पहिला हात जायला हवा आयसोफ्लुरेनच्या डायलकडे. पुष्कळदा भूल गरजेपेक्षा खोल झालेली असते एवढंच. ती हलकी करता यावी म्हणून वेदनेची सोय वेगळी लागते. दात काढायचा असेल तर जबड्याची नस बधिर करायची, आणि भुलेआधीच चांगलं वेदनाशामक द्यायचं. मग श्वासातून जाणारं औषध निम्म्यावर भागतं. ठोके मंद असतील तर ॲट्रोपिन. शिरेतून थोडं पाणी. तरीही दाब चढला नाही तर डोपामिन किंवा नॉरॲड्रेनलिनची संथ धार. यातल्या डोपामिनची एक दंतकथा होती. अगदी कमी मात्रेत ते दिलं की मूत्रपिंडांचं रक्षण होतं, असं माणसांच्या अतिदक्षता विभागांत वर्षानुवर्षं मानलं गेलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३२८ रुग्णांवर ही समजूत तपासली गेली आणि २००० साली निष्कर्ष आला, असं काही रक्षण होत नाही. लघवी जास्त होणं आणि मूत्रपिंड वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. डोपामिन आज वापरायचं ते हृदय आणि रक्तदाब यांच्यासाठी.

पाण्याचंही तसंच आहे. किडनीचा प्राणी म्हटला की धो धो सलाईन लावायची जुनी पद्धत होती, तासाला किलोमागे १० मिलिलिटर. आता कुत्र्यासाठी ५ आणि मांजरासाठी ३ पासून सुरुवात करतात. चार किलोच्या मांजराच्या अंगात सगळं मिळून साधारण पाव लिटर रक्त. त्याला तासाला १२ मिलिलिटर म्हणजे मायक्रो ड्रिप सेटवर मिनिटाला १२ थेंब. घड्याळ लावून मोजावे लागतात, नजरेनं ठरवता येत नाहीत. जास्तीचं पाणी आजारी मूत्रपिंड बाहेर टाकू शकत नाही. ते फुप्फुसांत साठतं, आणि मूत्रपिंडातही. घट्ट वेष्टनात बसलेलं मूत्रपिंड आतून सुजलं की स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून टाकतं.

एवढी खबरदारी कुणासाठी घ्यायची, ते आधी ओळखता आलं पाहिजे. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. म्हातारी मांजर, दात किडलेले, तोंडाला वास, खाणं कमी. घरच्यांना वाटतं वय झालं. दहा वर्षांपुढच्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार इतका सर्रास आढळतो की, तो नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरून चालणंच शहाणपणाचं. आपल्या शहरांतून हौसेनं पाळल्या जाणाऱ्या पर्शियन मांजरांत त्यात आनुवंशिक भर पडते. मूत्रपिंडांत पाण्याचे फुगे वाढत जाण्याचा आजार त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याला कारण असलेला जनुकातला दोष २००४ मध्ये सापडला. आईबापांपैकी एकाकडून आला तरी तो पुरतो. अशा मांजराची नसबंदी करायच्या आधी एक सोनोग्राफी करून घेणं फार मोठं काम नाही.

रक्तातलं क्रिएटिनिन बघून समाधान मानू नये. मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडल्याखेरीज ते वर जात नाही, आणि क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. हाडाला कातडं चिकटलेल्या म्हाताऱ्या मांजराला स्नायूच राहिलेले नसतात, म्हणून तिचा आकडा फसवा, कमी दिसतो. एसडीएमए नावाची नवी तपासणी आजार बरीच आधी दाखवते. पण सगळ्यात स्वस्त तपासणी आहे ती लघवीच्या एका थेंबाची. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि रेघ कुठे येते ते वाचायचं. वाळवंटी पूर्वजांची ही जात, धड मूत्रपिंडाची मांजर १.०३५ च्या वर घट्ट लघवी करते. रेघ १.०१० च्या आसपास घोटाळत असेल तर क्रिएटिनिन काहीही म्हणो, मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची ताकद गेली आहे. जोडीला लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब बघितला की चित्र पुरं होतं. व्हिएन्नात १९९८ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं, ज्याला आयरिस म्हणतात, या मोजमापांवरून आजाराच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर स्थिर असलेल्या मांजराला नीट तयारीनिशी भूल देता येते. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ‘हे आत्ता केलंच पाहिजे का’ हा प्रश्न खरोखर विचारावा. आणि मूत्रपिंडं नुकतीच, अचानक बिघडलेली असतील, जसा पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टो झालेला कुत्रा, तर जीव वाचवण्यासाठी लागेल तेवढ्यापुरतीच भूल.

भीतीपोटी भूल कायमची टाळणं हाही उपाय नाही. किडलेल्या दातांनी खाणं सोडलेली मांजर मूत्रपिंडाच्या आजारानं नाही तर उपासमारीनं जाते. भूल नको म्हणून दर महिन्याला अँटिबायोटिकचा कोर्स देत राहणं हा मला त्या जनावरावर अन्याय वाटतो, आणि त्यात जेंटामायसिन असेल तर सरळसरळ नुकसान, कारण ते मूत्रपिंडालाच बाधतं.

तयारीतली एक चूक घरीच होते. ‘उद्या ऑपरेशन, उपाशी ठेवा’ असं सांगितलं की घरचे आदल्या रात्री अन्नासोबत पाण्याचं भांडंही उचलून ठेवतात. निरोगी कुत्र्याला ते खपून जातं. ज्याची मूत्रपिंडं पाणी राखू शकत नाहीत तो मात्र रात्रभर पातळ लघवी करत राहतो आणि सकाळी कोरडा पडूनच टेबलावर येतो. अशा प्राण्याचं पाणी दवाखान्यात जाईपर्यंत काढू नये. शक्य असेल तर त्याला आदल्या दिवशीच दाखल करून सावकाश सलाईन लावावं. बीपीच्या गोळ्यांबद्दलही आधी विचारून घ्यावं. बेनाझेप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांच्या जातीच्या गोळ्या बहुतेक भूलतज्ज्ञ त्या दिवशी थांबवायला सांगतात, कारण त्यांच्यावर भूल चढली की पडलेला दाब लवकर उठत नाही. मांजरांना देतात ती ॲम्लोडिपिन सहसा चालू ठेवतात. रक्त कमी झालेलं असेल तर तेही आधी बघायचं. रक्त तयार करा असा निरोप हाडांतल्या मज्जेला मूत्रपिंडाकडूनच जात असतो.

कुत्र्यांमध्ये या सगळ्याची कसोटी लागते ती गर्भाशयात पू झालेल्या मादीच्या वेळी. नसबंदी न केलेली, पाच-सात वर्षांची कुत्री, माज येऊन महिना-दीड महिना झालेला. ती पाण्याचं भांडं रिकामं करत सुटते आणि घरभर लघवी करते. घरच्यांना मधुमेहाची शंका येते. खरं कारण असं की पुवातल्या जंतूंचं विष मूत्रपिंडांना लघवी घट्ट करू देत नाही. गर्भाशय काढणं हाच खात्रीचा उपाय, तोही लवकर. इथे ‘आधी किडनी सुधारू द्या, मग ऑपरेशन करू’ असं म्हणत आठवडा घालवणं चुकीचं, कारण पू आत असेपर्यंत किडनी सुधारणार नाही. काही तास सलाईन, अँटिबायोटिक आणि रक्तदाब सावरून थेट टेबलावर. गाडीखाली येऊन मूत्राशय फुटलेल्या कुत्र्याचा हिशेब बरोबर उलटा. त्याच्या पोटात साठलेली लघवी आधी नळीनं काढून टाकायची, पोटॅशियम उतरवायचं, आणि फाटलेलं मूत्राशय दुसऱ्या दिवशी शिवायचं. दोन्ही रुग्णांचं क्रिएटिनिन सारखंच असू शकतं. घाई कुणाची करायची हे त्या आकड्यावरून कळत नाही, तो का चढला ते कळल्यावरच कळतं.

भूल उतरली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आकडे वेगळं सांगतात. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांत भूल दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांचा आणि ७९ हजार मांजरांचा डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी मागोवा घेतला. निरोगी मांजरांत भुलेशी संबंधित मृत्यू हजारात जेमतेम एक होता, आजारी मांजरांत शंभरात एकाहून जास्त. आणि दगावलेल्या मांजरांपैकी ६१ टक्के दगावली होती ती शस्त्रक्रिया संपल्यानंतर, त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. टेबलावर असताना नाडी, ऑक्सिजन, दाब सगळं बघितलं जातं. पिंजऱ्यात ठेवल्यावर कुणी बघत नाही, अंग गार पडतं, श्वास उथळ होतो. म्हणून किडनीच्या प्राण्याला ‘डोळे उघडलेत, घेऊन जा’ म्हणून रिक्षात घालून पाठवू नये. अंग गरम, दाब ठीक, स्वतःहून पाणी प्यायला आणि लघवी केली, इतकं होईपर्यंत त्याला दवाखान्यातच राहू द्यावं. सलाईनही तोवर चालू असावं.

घरी आल्यावर सगळ्यात मोठा धोका आपल्याच औषधांच्या डब्यात असतो. प्राणी कण्हतोय म्हणून माणसांच्या दुखण्याची गोळी चुरून दिली जाते. या जातीची बहुतेक औषधं मूत्रपिंडात शिरणारी धमनी उघडी ठेवणारी रसायनं बंद पाडतात. भुलेखाली दाब पडून गेलेल्या मूत्रपिंडाला नेमका त्याच रसायनांचा आधार असतो. मेलोक्सिकॅमसारखं प्राण्यांसाठी असलेलं औषधही अशा रुग्णाला डॉक्टरांनी विचार करूनच द्यायचं. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन तर घरच्या हातानं कधीच नको. डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाला काय करू शकतं ते या देशानं गिधाडांच्या बाबतीत पाहिलं आहे. ते औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन मूत्रपिंडं निकामी होऊन आपली गिधाडं लाखोंनी गेली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पॅरासिटामॉल मांजराला मूत्रपिंडाआधी रक्तातून आणि यकृतातून मारतं. एक गोळीही पुरते.

भुलेखाली मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर ती त्याच दिवशी रिपोर्टात दिसत नाही. क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून प्राणी वरवर ठीक दिसत असला तरी दोन-तीन दिवसांनी रक्त आणि लघवी पुन्हा तपासून घ्यावी, आणि जाताना भुलेआधीचा कागद बरोबर न्यावा. क्रिएटिनिनचा १.९ हा आकडा एखाद्या मांजराचा नेहमीचा असू शकतो आणि दुसऱ्या एखाद्या मांजरात तो १.२ वरून चढलेला असू शकतो. पहिल्या मांजराला घरी पाठवायचं असतं आणि दुसऱ्याला पुन्हा सलाईनवर घ्यायचं असतं.